डोंगर सकाळी, गाव संध्याकाळी: बोल्झानोला चार मुक्काम कसे आखायचे

बोल्झानोला जाऊन आलेल्या ओळखीच्या लोकांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: गाव छान होतं, पण वर जायला जमलंच नाही. खोदून विचारलं की कारण कळतं. कुणी मेच्या सुट्टीत गेलेलं असतं आणि रोपवे बंद असतो. कुणी ऑगस्टमध्ये सकाळभर बाजारात रमतं, निवांत जेवतं, दोन वाजता वर निघतं आणि विजांच्या कडकडाटात भिजून परततं. कुणी व्हेनिसहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचा बेत केलेला असतो. अशा माणसाला बोल्झानोचं रेल्वे स्थानक तेवढं नीट बघायला मिळतं.

इटलीच्या उत्तर टोकाला, डोलोमाइट्सच्या पायथ्याशी, कमानींखाली दुकानं असलेली ही जुनी बाजारपेठ वसली आहे. उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम २६२ मीटर. तिथून बारा मिनिटांत तुम्ही १,२०० मीटरवर पोचता आणि दीड-दोन तासांत डोलोमाइट्सच्या कड्यांसमोरच्या कुरणात उभे राहता. ते साधायचं तर कामं ठरावीक क्रमानं करावी लागतात. खालची आखणी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, चार रात्रींची आणि स्वतःच्या गाडीविना आहे.

१. आधी तारीख, बाकी सगळं नंतर

आपल्याकडे आधी सुट्टी ठरते, मग तिकिटं निघतात, आणि शेवटच्या आठवड्यात कुणाला तरी आठवतं की रोपवे चालू आहे का ते बघायला हवं. इथे उलट करायचं.

डोलोमाइट्समधले बहुतेक रोपवे वर्षातून दोन हंगाम चालतात. उन्हाळी हंगाम साधारण मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतो आणि ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. हिवाळी हंगाम डिसेंबरपासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत. मधल्या काळात यंत्रांची देखभाल होते, डोंगरातली हॉटेलं बंद असतात, वरच्या वाटांवर अर्धवट वितळलेला बर्फ असतो. आपली शाळेची सुट्टी नेमकी या फटीत सापडते.

मग काय करायचं?

- मे हाच महिना मोकळा असेल तर शेवटचा आठवडा धरा. तेही जमत नसेल तर उंच कुरणांचा नाद सोडून रेनोनचं पठार, शेजारचं मेरानो आणि तिथली एप्रिलपासून उघडी असणारी ट्राउट्मान्सडॉर्फ बाग असा बेत करा. रेनोनचा रोपवे सार्वजनिक वाहतुकीचा भाग असल्यामुळे देखभालीचे मोजके दिवस वगळता वर्षभर चालतो.
- जून फुलांचा. जुलैपासून कुरणांवर गवत कापायला सुरुवात होते, त्यामुळे फोटोतलं फुलांचं रान ऑगस्टमध्ये शोधू नका.
- १५ ऑगस्ट ही इटलीतही मोठी सुट्टी आहे. तिच्या आगेमागे दर आणि गर्दी दोन्ही चढलेले असतात.
- सप्टेंबर सर्वांत चांगला. हवा स्थिर, गर्दी कमी. पण गणपती, पितृपक्ष आणि नवरात्र यांच्यामधून मराठी घरानं सप्टेंबर कसा काढायचा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.
- दिवाळी ऑक्टोबरमध्ये येत असेल तर सोनं. उत्तरार्धात लार्च वृक्षांची पानं पिवळीधमक होतात. दिवाळी नोव्हेंबरात गेली की बहुतेक दारं बंद.

*तपासा:* तुम्हाला ज्या रोपवेनं जायचं आहे त्याच्या संकेतस्थळावर *त्या वर्षीची* उघडण्याची आणि बंद होण्याची तारीख. गेल्या वर्षीची नव्हे, प्रवास कंपनीच्या पत्रकातलीही नव्हे.

२. गावांची दोन-दोन नावं लिहून घ्या

हा प्रांत, साउथ टायरॉल, इटलीत असला तरी बहुसंख्य लोक जर्मन बोलतात, आणि काही दऱ्यांमध्ये लादीन ही तिसरी भाषा आहे. फलकावर दोन्ही, कधी तिन्ही नावं असतात. तिकिटावर किंवा नकाशावर मात्र कधी एकच. निम्मे गोंधळ यातून होतात. ही जोडी मोबाइलमध्ये ठेवा:

- बोल्झानो म्हणजेच बोझेन
- रेनोन म्हणजेच रिटन
- सोप्राबोल्झानो म्हणजेच ओबरबोझेन
- कोलाल्बो म्हणजेच क्लोबेनश्टाइन
- सिऊझी म्हणजेच झाइस
- आल्पे दी सिऊझी म्हणजेच झाइझर आल्म
- कास्तेलरोत्तो म्हणजेच कास्टेलरुट
- ऑर्तिसेई म्हणजेच सांक्ट उलरिश, आणि लादीनमध्ये उर्तिजेई

*इशारा:* सिऊझी हे खालचं गाव आणि आल्पे दी सिऊझी हे वरचं कुरण. हॉटेल शोधताना या दोन नावांत घोळ केला तर तुमचा मुक्काम रोपवेच्या भलत्याच टोकाला पडतो.

३. मुक्काम कुठे, आणि बुकिंगआधी विचारायचा एक प्रश्न

वर राहायचं की खाली? डोंगरात राहण्याची हौस मला समजते, पण पहिल्या खेपेला गावातच राहा, रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. रेनोनचा रोपवे, बस स्थानक आणि जुना बाजार हे सगळं तिथून पायी अंतरावर आहे. वर राहिलात तर शेवटच्या बसच्या वेळेवर रोजचं जेवण ठरतं.

एका बाबतीत मात्र सावध राहा. बोल्झानो चारी बाजूंनी डोंगरांत बसलेलं असल्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तापतं. पारा ३५ अंशांच्या वर जाणं नवं नाही. 'आल्प्समध्ये कशाला एसी' असं म्हणून पंखाही नसलेली खोली घेतली की रात्री झोप लागत नाही. उन्हाळ्यात खोलीत वातानुकूलन आहे का ते बघून घ्या.

आता तो प्रश्न: "तुमच्याकडे गेस्ट पास मिळतो का?" साउथ टायरॉलमधली बरीच हॉटेलं आणि घरगुती निवासं पाहुण्यांना हा पास मोफत देतात. त्यावर प्रांतातल्या बस, प्रादेशिक रेल्वे, रेनोनचा रोपवे आणि वरची छोटी रेल्वे, सगळं मुक्कामभर चालतं. चार जणांच्या कुटुंबाचे यात चांगले पैसे वाचतात. सगळीच ठिकाणं देत नाहीत, म्हणून आधी विचारायचं. नसेल मिळत, तर एक, तीन किंवा सात दिवसांचं मोबिलकार्ड विकत मिळतं.

*इशारे तीन:*
प्रत्येक वेळी चढताना पास यंत्रावर दाखवावा लागतो. खिशात पास आहे म्हणजे तिकीट झालं, असं नाही. हा पास वेगवान आंतरशहरी गाड्यांना चालत नाही, फक्त प्रादेशिक गाड्यांना चालतो. आणि आल्पे दी सिऊझीचा मोठा रोपवे यात धरू नका. त्याचं तिकीट वेगळं.

हॉटेलच्या बिलावर माणशी, दर रात्रीचा स्थानिक पर्यटन कर येतो. तो बुकिंगच्या रकमेत नसतो. फसवणूक झाली म्हणून भांडू नका.

४. व्हिसा आणि वाट

शेंगेन व्हिसा ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे मागायचा. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिला प्रवेश, तिथे. म्युनिकला उतरून बोल्झानोला चार रात्री आणि म्युनिकला एक, असा बेत असेल तर अर्ज इटलीकडे जातो. विमान जर्मनीत उतरतं म्हणून जर्मनीकडे नाही. ही चूक मी वारंवार बघतो.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावा लागतो. पण पंधरा दिवसांवर विसंबू नका, हंगामात अर्ज सादर करण्याची वेळ मिळायलाच आठवडे जातात. प्रौढांचं शुल्क ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांचं ४५ युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो विमा व्हिसापुरता असतो. त्यात डोंगरातून सुटका करून आणण्याचा खर्च धरलाय का, हे पॉलिसीत वाचा आणि नसेल तर वाढवून घ्या.

बोल्झानो ब्रेनर खिंडीतून जाणाऱ्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे. म्युनिकहून साधारण चार तास, इन्सब्रुकहून दोन, व्हेरोनाहून वेगवान गाडीनं दीड तास. म्युनिककडून येताना दिवसाची गाडी घ्या. खिडकीतून दिसणारा रस्ता हा सहलीचाच भाग आहे.

*इशारा:* इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. विसरलात तर तिकीट असूनही दंड.

गाडी भाड्यानं घ्यायची की नाही? या चार दिवसांसाठी माझं मत स्पष्ट आहे: नको. जुन्या गावात बाहेरच्या वाहनांना बंदी असलेले भाग आहेत, तिथे कॅमेरे आहेत आणि दंडाचं पत्र तुम्ही घरी पोचून सहल विसरल्यावर येतं. आल्पे दी सिऊझीचा रस्ता तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ खासगी गाड्यांना बंदच असतो. गाडी घेतलीच तर आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर हवा.

५. पिशवी

कपडे थरांचे. खाली ३४ अंश असताना वर, वारा सुटला की, १२. एक जाड कोट निरुपयोगी. त्यापेक्षा बनियन किंवा टी-शर्ट, त्यावर पातळ फ्लीस, त्यावर पाऊस-वारा अडवणारं जाकीट. सह्याद्रीत छत्री घेऊन फिरायची सवय असेल तर ती इथे मोडा: वाऱ्यात ती उलटी होते, आणि विजा चमकत असताना उघड्या माळावर उंच धरायची वस्तू ती नव्हे.

बूट तळाला खाच असलेले, आणि आधी महिनाभर वापरलेले. नवे बूट विमानतळावर घालून निघू नका. टोपी, गॉगल, सनस्क्रीन; उंचावरचं ऊन थंड वाऱ्यामुळे जाणवत नाही आणि संध्याकाळी मान भाजलेली असते. पाण्याची बाटली रिकामी न्या, गावातल्या नळांवर भरता येते. थोडे सुटे युरो रोख ठेवा.

६. पहिला दिवस: फक्त गाव

पोचलात त्या दिवशी डोंगर नाही. सामान टाका, आंघोळ करा, बाहेर पडा. स्थानकातून पाच मिनिटांत वाल्थर चौक, तिथून कमानींची बाजारपेठ. इटालियनमध्ये पोर्तिची, जर्मनमध्ये लाउबेन. तिच्या पश्चिम टोकाला फळबाजाराचा चौक, पियाझ्झा देल्ले एर्बे.

बाजाराची चूक वेळेची. फळबाजार सोमवार ते शुक्रवार दिवसभर असतो, शनिवारी दुपारपर्यंत आटोपतो, रविवारी नसतो. शनिवारी सकाळी ताल्वेरा नदीच्या पलीकडे, विजय चौकाच्या परिसरात मोठा आठवडी बाजारही भरतो. म्हणजे शनिवारी दुपारी पोचून रविवारी 'बाजार बघू' म्हणणाऱ्याच्या वाट्याला रिकामे ओटे येतात. शक्यतो मुक्कामात एक तरी कामाचा वार येईल असं बघा. बरीच छोटी दुकानं दुपारी दोनेक तास बंद असतात. पुण्याच्या वाचकांना हे नव्यानं समजावून सांगायला नको.

*इशारा:* फळाला हात लावू नका. चार टोमॅटो चाचपून पाचवा निवडायची आपली रीत इथे उद्धटपणा ठरते. बोटानं दाखवा, किती हवं ते सांगा, विक्रेता निवडून देतो. आणि चांगलं निवडून देतो.

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी ताल्वेरा नदीकाठच्या हिरवळीवर जा आणि पूर्वेकडे बघा. रोझेनगार्टनचे कडे तिथून दिसतात, आणि आकाश स्वच्छ असेल तर मावळतीच्या उन्हात गुलाबी होतात. याला तिकीट नाही, रांग नाही. दुपारपर्यंत डोंगर उरकून संध्याकाळी गावात असण्याचं हे एक मोठं कारण.

७. दुसरा दिवस: रेनोन, म्हणजे सराव

लगेच मोठ्या उंचीवर जाण्याआधी रेनोन करा. स्थानकापासून थोड्याच अंतरावर रोपवे आहे, काही मिनिटांच्या अंतरानं डबे सुटतात, बारा मिनिटांत सोप्राबोल्झानो. तिथून १९०७ सालापासून धावणारी छोटी रेल्वे कोलाल्बोला जाते. साधारण अर्ध्या तासाला एक गाडी, प्रवास वीस मिनिटांच्या आत.

बहुतेक लोक कोलाल्बोला उतरतात, स्थानकाचा फोटो काढतात आणि पुढच्या गाडीनं परत येतात. खरी गोष्ट पुढे आहे. गावातून लोंगोमोसोच्या दिशेनं अर्धा तास सोप्या वाटेनं चाललं की मातीचे मनोरे दिसतात: हिमनदीनं मागे ठेवलेल्या मातीचे उंच सुळके, आणि पुष्कळांच्या डोक्यावर एकेक दगड. तो दगड छत्रीचं काम करतो. भोवतीची माती पावसानं वाहून जाते, दगडाखालची टिकते. दगड पडला की सुळकाही झिजत जातो. आजी-आजोबांना आणि मुलांना झेपेल अशी ही वाट आहे.

आज दोन गोष्टी शिकून घ्या. वाटांच्या खुणा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या असतात, बरोबर वाटेचा क्रमांक असतो. आणि पाट्यांवर अनेकदा किलोमीटरऐवजी वेळ लिहिलेली असते. ती सवयीच्या चालणाऱ्याची वेळ. आपल्या कुटुंबाला तिच्या दीडपट लागते का दुप्पट, हे आज मोजून ठेवा. उद्या उपयोगी पडेल.

८. तिसरा दिवस: आल्पे दी सिऊझी

क्षेत्रफळ सुमारे ५६ चौरस किलोमीटर. उंचावरचं युरोपातलं सर्वांत मोठं कुरण म्हणून ते ओळखलं जातं. पूर्वेला ३,१८१ मीटरचा सासोलुंगो, नैऋत्येला श्लेर्नचा सपाट माथा.

क्रम असा:

1. आदल्या रात्री प्रांताच्या हवामान खात्याचा अंदाज आणि सकाळी उठल्यावर वेबकॅम बघा. वर ढग बसलेले असतील तर आजचा आणि उद्याचा दिवस अदलाबदल करा. म्हणूनच संग्रहालय चौथ्या दिवसावर ठेवलं आहे.
2. बोल्झानोहून कास्तेलरोत्तोकडे जाणारी १७० क्रमांकाची बस. सिऊझीला पाऊण तास ते तास धरा. चढतानाच चालकाला रोपवेला जायचंय असं सांगा, तो थांबा दाखवतो. सकाळी आठच्या आत निघायचं.
3. रोपवेनं कॉम्पाचला, म्हणजे वरच्या टोकाला. साधारण पाव तास. उतरल्याबरोबर शेवटच्या डब्याची वेळ फलकावरून वाचा आणि फोटो काढा. ती हंगामानुसार बदलते.
4. कॉम्पाच ते साल्ट्रिया ही रुंद, सोपी वाट. उतार हलका, सतत सासोलुंगो समोर. रमतगमत दोन तास धरा. परत चढायचं नसेल तर साल्ट्रियाहून कॉम्पाचला बस आहे. तिची वेळ जाण्याआधीच बघा.
5. दुपारी दीड-दोनपर्यंत परतीला लागा.

पाचवा मुद्दा लोक सोडून देतात. उन्हाळ्यात सकाळी निळंभोर आकाश असतं, अकराच्या सुमारास कड्यांमागे कापसासारखे ढग जमतात आणि दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. कुरणावर तुम्हीच सर्वांत उंच वस्तू असता. एकटं झाड आणि कुंपणाची तार यांच्यापासून दूर राहा, जवळच्या पक्क्या इमारतीत जा. वादळी वाऱ्यात रोपवेही थांबवतात. अडचण आली तर आपत्कालीन क्रमांक ११२.

*इशारा:* गाई शांत दिसतात, पण वासरू बरोबर असेल तर लांबूनच जा. सेल्फीसाठी वासराच्या गळ्यात हात घालणं हा मूर्खपणा आहे. वाटेतलं फाटक उघडलंत तर लावून पुढे जा. गवतात शिरू नका, ते कुणाचं तरी पीक आहे.

'याच दिवशी लागो दी ब्राइएसही करू' असं कुणी म्हणालं तर नकाशा दाखवा. ते तळं प्रांताच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि जुलै-ऑगस्टच्या गर्दीच्या काळात दिवसा तिथे गाडीनं जायला आधी आरक्षण लागतं. ते वेगळ्या सहलीचं काम.

९. जेवण: मांस आणि स्पेक इथे एकच नाही

शाकाहारी लोकांची फसगत कशी होते ते नीट समजून घ्या. 'सेन्झा कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, असं सांगितलं तरी ताटात स्पेकचे तुकडे येऊ शकतात. स्पेक म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं मांस, आणि बऱ्याच जणांच्या लेखी ती चवीपुरती घालायची गोष्ट आहे. म्हणून सांगताना दोन्ही सांगा: सेन्झा कार्ने, सेन्झा स्पेक. सूप असेल तर ते मांसाच्या पाण्यात उकळलंय का ते विचारा; ब्रोदो हा शब्द दिसला की विचारायचंच.

बरं काय मिळतं? श्लुट्झक्राप्फेन: करंजीच्या आकाराचे, आत पालक आणि ताजं चीज. पालकाचे क्नोडेल, म्हणजे पावाचे उकडलेले गोळे. त्यात अंडं असतं. पोलेंटा, मक्याच्या पिठाचा, बरोबर मश्रूम. आपल्या उकडीच्या जवळ जाणारा. गोडात सफरचंदाचा श्ट्रुडेल. अंडंही नको असेल तर पर्याय कमी होतात, आणि कांदा-लसूणही नको असेल तर थेपले आणि दशम्या बरोबर हव्यात.

स्वयंपाकघराच्या वेळाही लक्षात ठेवा. दुपारी दोननंतर अनेक ठिकाणी गरम जेवण बंद होतं ते संध्याकाळी साडेसहा-सातपर्यंत. बिलावर माणशी एक-दोन युरो 'कोपेर्तो' येतो, तो बैठकीचा आणि पावाचा.

१०. चौथा दिवस: हातचा

हवामानानं तिसरा दिवस खाल्ला असेल तर आज वर जा. नाहीतर सकाळी पुरातत्त्व संग्रहालय. १९९१ साली ३,२१० मीटर उंचीवरच्या बर्फात सापडलेला, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माणसाचा मृतदेह, म्हणजे ओत्झी, तिथे उणे ६ अंशांच्या कक्षात ठेवलेला आहे. तो एका छोट्या खिडकीतून बघायचा असल्यामुळे खिडकीपुढे रांग लागते. दहा वाजता उघडतं, तेव्हाच आत शिरा आणि आधी थेट खिडकी गाठा. त्याचे कपडे, तांब्याची कुऱ्हाड आणि बाकीचे मजले नंतर सावकाश. तिकीट ऑनलाइन काढून ठेवा.

*तपासा:* संग्रहालय सोमवारी बंद असतं. जुलै, ऑगस्ट आणि डिसेंबर हे महिने अपवाद. चौथा दिवस सोमवार येत असेल तर संग्रहालय पहिल्या दिवशी दुपारी उरका. शेवटचा प्रवेश साडेपाचला.

दुपारी पाऊस असेल तर कमानींखालची बाजारपेठ कोरडी असते. पाऊस नसेल तर प्रादेशिक गाडीनं मेरानोला, गेस्ट पासवरच. म्युनिककडे परतणार असाल तर दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं तिकीट आज संध्याकाळीच काढा: तुमचा पास ब्रेनरच्या पलीकडे चालत नाही आणि थेट गाडीत तर ब्रेनरपर्यंतही नाही.